दहा लक्ष नाणीं

शिक्षकानें शाळेच्या वार्षिकांत व्हिडिओ गेमविषयीं लिहावें, हें कित्येक पालकांस विलक्षण वाटेल. जी वस्तु वर्गांत सांपडली असतां आम्ही काढून घेतों, तिचेंच गुणगान येथें करावयाचें काय, असेंही कोणी विचारील. परंतु आम्हांस गुणगान करावयाचें नाहीं. एका खेळानें आमची निराशा केली, आणि त्या निराशेनें आमच्याच हातचा एक दोष आम्हांस दाखविला, एवढीच हकीकत सांगावयाची आहे.

सुमारें तीस वर्षांपूर्वीं, आम्ही शाळकरी असतांना, शेजारच्या घरीं दूरचित्रवाणीच्या संचास जोडावयाचें एक खेळयंत्र आलें. त्यांत 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा १९८५ सालचा खेळ होता. बुटका, मिशाळ मारिओ धांवतो, खड्डे ओलांडतो, कासवांवर उड्या मारितो व राजकन्येस सोडविण्यास जातो, एवढेंच त्याचें कथानक. परंतु दुसऱ्या टप्प्यांतील भुयारांत एके दिवशीं आमच्या मित्राचा मारिओ विटांवरून थेट छतावर चढला व तेथूनच धांवत सुटला. बाहेर पडण्याची नेहमींची वाट मागें राहिली, आणि पुढें एक गुप्त दालन लागलें. तेथील नळांतून कित्येक टप्पे ओलांडून पुढच्या जगांत जातां येत होतें. ही वाट आम्हांस कोणीं सांगितली नव्हती. त्या दिवशीं नवें खंड शोधून काढणाऱ्या खलाशासही आमच्याहून अधिक आनंद झाला नसेल.

पुढें वाचनांत आलें कीं, या खेळाचे कर्ते शिगेरू मियामोतो हे बालपणीं दिवा हातांत घेऊन आपल्या गांवाजवळच्या गुहा धुंडाळीत असत. मग त्या गुप्त दालनाचा उगम आम्हांस कळला. ज्या निन्टेंडो कंपनींत ते काम करीत, तिची स्थापना १८८९ सालीं जपानांतील क्योतो शहरीं खेळावयाचे पत्ते बनविण्यासाठीं झाली होती. तेव्हांपासून त्या नांवाविषयीं आमच्या मनांत जो आदर बसला, तो आजतागायत आहे.

गतवर्षीं आमच्या एका नातलगानें परदेशाहून येतांना चिरंजीवासाठीं निन्टेंडोचें 'थ्रीडीएस' हें हातांत धरून खेळावयाचें यंत्र आणिलें. तें बनविणें २०२० सालींच बंद झालें असल्यामुळें वापरलेलेंच मिळालें. त्यासाठीं आम्हीं बाजूस ठेविलेल्या पैशांतून 'न्यू सुपर मारिओ ब्रदर्स २' हा २०१२ सालचा खेळ मागविला, आणि तो येईपर्यंत आम्हीं रोज रात्रीं जेवतांना त्या छतावरील वाटेची गोष्ट चिरंजीवास सांगितली.

खेळ आला. कारागिरींत उणें कांहीं नव्हतें. उडी नेमकी, रंग स्वच्छ. परंतु देखावे व संगीत बहुतांशीं त्याच मालिकेंतील २००९ सालच्या खेळासारखें. नवें होतें तें एकच, नाण्यांचा पाऊस. सोन्याच्या कड्यांतून मारिओ गेला कीं शत्रु सोन्याचे होऊन नाणीं देऊं लागतात. सोनेरी फूल मिळालें तर विटांचीं नाणीं होतात. सोन्याचा ठोकळा डोक्यावर बसला म्हणजे नुसतें धांवत राहिलें तरी नाणीं मिळतात. खेळणाऱ्यापुढें ध्येय ठेविलें आहे तें दहा लक्ष नाण्यांचें, आणि तीं जमल्यावर बक्षीस काय, तर आरंभीच्या चित्रांत एक सोनेरी पुतळा! जुन्या खेळांत शंभर नाण्यांस एक आयुष्य अधिक मिळे. तोच नियम येथेंही आहे. परंतु तेव्हां आयुष्यें तीनच असत, म्हणून एका नाण्यासाठीं आम्ही खड्ड्याच्या काठापर्यंत जात असूं. येथें आयुष्यें इतकीं सांचतात कीं मरणाचें भय उरत नाहीं, आणि म्हणून जगण्याची गोडीही उरत नाहीं.

हें सर्व आम्हांस पहिल्या आठवड्यांतच कळून चुकलें होतें. परंतु आम्हीं तोंडानें "वाहवा! काय सुंदर!" असेंच म्हणत राहिलों. आपल्या आवडत्या कर्त्याची कृति सामान्य निघाली हें कबूल करणें जिवावर येत होतें. चिरंजीवही "छान आहे, पपा," म्हणे व मुकाट्यानें खेळे. एके रात्रीं यंत्र खणांत बंद पडलेलें आढळलें. आम्हीं कारण विचारिलें, तेव्हां तो खालीं पाहून म्हणाला, "पपा, तुम्हांला वाईट वाटेल म्हणून मी खेळत होतों. नाणीं फार मिळतात. पण त्यांचें करायचें काय?"

आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. बाप मुलासाठीं व मुलगा बापासाठीं, असे दोघेही पंधरवडाभर प्रेमापोटीं खोटें बोलत होतों!

त्या रात्रीं शुभवर्तमानांतील हरवलेल्या नाण्याचा दाखला आम्हांस आठवला. त्या बाईपाशीं दहाच नाणीं होतीं. म्हणून एक हरवतांच तिनें दिवा लाविला, घर झाडिलें, आणि तें सांपडल्यावर शेजारणींस बोलावून आनंद केला. तिच्यापाशीं दहा लक्ष असतीं, तर ती एका नाण्यासाठीं वांकलीही नसती.

समोर तपासलेल्या वह्यांचा ढीग होता. आम्हीं एकेक वही उघडून पाहिली. प्रत्येक निबंधाखालीं तांबड्या शाईनें एकच शब्द होता: 'उत्तम'. मुलें हिरमुसूं नयेत म्हणून आम्हीं तो शब्द वर्षानुवर्षें उधळीत आलों होतों. ज्यानें मनापासून लिहिलें त्यासही उत्तम, ज्यानें उतरून काढलें त्यासही उत्तम. नाणीं सांडणारा तो सोन्याचा ठोकळा आमच्याच डोक्यावर बसलेला होता!

दुसऱ्या दिवसापासून आम्हीं तो शब्द जपून वापरण्यास आरंभ केला. त्याऐवजीं कोणतें वाक्य साधलें व कोणतें फसलें, हें दोन ओळींत लिहूं लागलों. वेळ दुप्पट लागतो. कांहीं मुलें रुसलीं. एका पालकांनीं येऊन खुलासाही मागितला. परंतु ज्या मुलानें आजवर आपली वही परत मिळाल्यावर कधीं उघडूनही पाहिली नव्हती, तो शाळा सुटल्यावर दाराशीं थांबला व म्हणाला, "सर, हें वाक्य कां फसलें?"

असो. मारिओवरील आमचें प्रेम कमी झालेलें नाहीं. एक कृति फिकी निघाली म्हणून कर्त्याचे जुने उपकार फिटत नाहींत. तो खेळ अजून खणांतच आहे. परवां चिरंजीवानें आपला निबंध आमच्यापुढें ठेविला व म्हटलें, "पपा, या वेळीं खरें काय तें लिहा." आम्हीं लेखणी उचलली, आणि बराच वेळ विचार करीत बसलों.