पेडल खोल जाऊ लागले की

गाडीचा ब्रेक सहसा एका दिवसात जात नाही. आधी पेडल मऊ होते, मग थोडे खोल जाते. चालवणाऱ्याच्या पायाला त्याची सवय होते. एकदा दाबून भागत नाही म्हणून तो दोनदा दाबू लागतो. घरच्यांना यातले काहीच कळत नाही.

आमच्या घरची पिकअप जुनी आहे. भाईजान ती चालवतात. हंगामात नंदुरबारच्या बाजारात मिरची न्यायची, एरवी मिळेल ते भाडे, कधी धडगावपर्यंत. सपाट रस्त्यावर मऊ ब्रेक निभावून जातो, चांदशैलीच्या घाटात नाही. ऑक्टोबर 2025 मध्ये याच घाटात अस्तंबा यात्रेहून परतणाऱ्यांची पिकअप दरीत कोसळली आणि माणसे गेली. तेव्हापासून अम्मी भाईजान परत येईपर्यंत जेवत नाहीत.

भर मिरचीच्या हंगामात भाईजान म्हणाले, "पेडल खोल जातंय." ज्याने त्याने सांगितले, "ऑइल टाका, चालेल." पण ब्रेक ऑइल डिझेलसारखे जळत नाही. लायनर झिजतील तशी त्याची पातळी किंचित उतरते. झपाट्याने उतरली तर कुठेतरी गळती आहे. दुसऱ्या दिवशीचे भाडे ठरलेले होते, शाळेची फी भरायची होती. तरी आम्ही गाडी उभी केली.

मिस्त्रींनी आधी पायाने तपासले. पेडल भराभर दाबल्यावर वर येत असेल, तर पाइपात हवा तरी आहे किंवा मागच्या लायनरमध्ये अंतर वाढले आहे. दाबून धरल्यावर हळूहळू खाली बसत असेल, तर गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचे रबर गेले आहे. आमचे पेडल खाली बसत होते. मागचे डावे चाक आतून ओले दिसले. ड्रम काढला, तर व्हील सिलिंडरमधून ऑइल झिरपून लायनर भिजलेले. असे लायनर पुसून पुन्हा लावायचे नसतात. दोन्ही बाजूंचे सिलिंडर आणि लायनर बदलले, म्हणजे ब्रेक एका अंगाला ओढणार नाही.

मग हवा काढण्याचे काम. त्याला दोन माणसे लागतात. आम्ही पेडलवर, मिस्त्री चाकापाशी. सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात. "दाबा, धरून ठेवा," म्हणत ते निपल सैल करत. निपल घट्ट होईपर्यंत पाय उचलायचा नाही, नाहीतर हवा परत आत शिरते. बाटलीतले बुडबुडे थांबेपर्यंत हेच चालले. वरची टाकी मात्र रिकामी होऊ द्यायची नाही.

ऑइल टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रकारचेच आणि सीलबंद बाटलीतले घ्यावे. ते हवेतला ओलावा शोषते. घाटात ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल एकाएकी मऊ पडते. म्हणून दर दोन वर्षांनी सगळे ऑइल बदललेले बरे. इंजिन ऑइल तर चुकूनही टाकू नये, त्याने रबर फुगते.

संध्याकाळी पेडल घट्ट झाले. आधी मोकळ्या मैदानात, मग रिकाम्या रस्त्यावर पाहिले आणि त्यानंतरच माल भरला. एका दिवसाचे भाडे बुडाले. फी पुढच्या आठवड्यात भरली.

घरातून कोणी गाडी घेऊन निघताना आपण दुआ करतोच. त्याबरोबर एवढेही विचारावे: पेडल किती खाली जाते? "दोनदा दाबावं लागतं," असे उत्तर आले, तर त्या दिवशी गाडी बाहेर काढू देऊ नये.