सिरोंच्याच्या सांदवाडीतील एक खोली

आलापल्ली मागे टाकून दक्षिणेकडे निघालात की सागवनातून जाणारा रस्ता तुम्हाला गडचिरोली जिल्ह्याच्या अगदी टोकाशी, प्राणहितेच्या काठी आणून सोडतो. पैलतीरावर तेलंगण, तिथेच प्राणहिता-गोदावरीच्या संगमावर कालेश्वरमचे देवालय, अलीकडे सिरोंचा. येथील बाजारात मराठी, तेलुगू आणि गोंडी एकाच वेळी कानी पडतात. घरामागच्या मोकळ्या जागेला कोणी सांदवाडी म्हणेल, कोणी पेरडू.

अशा सांदवाडीत वृद्ध आईवडिलांसाठी एक लहानशी, दहा बाय बारा फुटांची खोली बांधावी असे तुमच्या मनात असेल, तर नकाशाच्या आधी मे महिन्यातील रात्र डोळ्यांसमोर आणा. दिवसा पारा 45 अंशांपुढे गेलेला असतो. स्लॅबने दिवसभर साठवलेली उष्णता तो मध्यरात्रीपर्यंत खाली सोडत राहतो. दिवसाच्या तापातून सावरण्यासाठी शरीराला रात्रीचा गारवा हवा असतो. वृद्धांना आणि हृदयविकाराच्या रुग्णांना तर तो अधिकच. तो मिळाला नाही की दुसऱ्या दिवसाचे ऊन दुप्पट बाधते.

मातीची जाड भिंत सर्वत्र उत्तम, हा समज म्हणूनच थोडा तपासून घ्यावा. ती दुपारी गारवा देते, पण सायंकाळनंतर तीही ऊब परत करते. मुख्य घर जाड भिंतींचे असेल, तर दुपार तिथे काढावी आणि परसातील खोली रात्रीसाठी हलकी ठेवावी: बांबूच्या कुडाच्या, दोन्ही अंगांनी माती-शेणाने लिंपलेल्या पातळ भिंती, वर कवेलू, आणि गरम हवा निघून जावी म्हणून आढ्याजवळ जाळी लावलेला झरोका. असा कुड सूर्यास्तानंतर लवकर निवतो. बांबू मात्र पक्व हवा आणि बोरॅक्स व बोरिक आम्लाच्या द्रावणात मुरवलेला हवा. एरवी त्यातील पिठूळ अंशासाठी भुंगा लागतो आणि दोनतीन वर्षांत भिंतीचा भुगा हाती येतो.

जोत्याबाबत काटकसर नको. जुलै 2022च्या महापुरात या तालुक्यातील नदीकाठच्या गावांत पाणी शिरले होते. जुन्याजाणत्यांना पुराची खूण विचारा आणि जोते तिच्या वर घ्या. पायऱ्या मात्र बुटक्या ठेवा, कठड्यासह. गुडघे दुखणाऱ्या माणसाला उंच जोते म्हणजे तुरुंगच.

दुसरा शत्रू हिवताप. खिडक्यांना बारीक जाळी आणि खाटेवर मच्छरदाणी, दोन्ही हवीत. बांबूची उघडी टोके मातीने बुजवा. त्या पोकळीत साठलेल्या पावसाच्या पाण्यातही डास वाढतात. एक चूक फार घरांत होते. फवारणीचे पथक येऊन गेले की वास व डाग जावेत म्हणून भिंती लगेच सारवल्या जातात, आणि भिंतीवरचे औषध मातीखाली निरुपयोगी होते. सारवण आधी, फवारणी नंतर.

आता राहिली आवडनिवड. या जिल्ह्यातच तिचा एक सुंदर दाखला आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने धानोरा मार्गावरील शोधग्रामात रुग्णालय उभारताना आदिवासींनाच विचारले, आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे ते एका मोठ्या इमारतीऐवजी झोपड्यांच्या वस्तीसारखे झाले. रुग्णासोबत नातलगांनाही तिथे राहता यावे, असा तो विचार.

तुम्हीही आईला विचारा. तिला कदाचित रंगसंगतीशी कर्तव्यच नसेल. देव्हाऱ्यासाठी कोनाडा, खाटेवरून दिसणारे मोहाचे झाड आणि ओट्यावर दोन माणसे टेकतील एवढी जागा, इतकेच ती मागेल. न्हाणीचे पाणी केळीच्या आळ्याकडे वळवा आणि रात्री तिथे जाण्याच्या वाटेवर दिवा लावा. पावसाळ्यात या वाटेवर साप निघतात.