हाताला मानवणारे यंत्र

लाकडात अक्षरे कोरण्याचा छंद मला उशिरा लागला. शिवणीच्या लाकडाचा बोटभर जाडीचा तुकडा घ्यायचा, त्यावर अक्षर उलटे गिरवायचे, भोवतालचे लाकूड काढून टाकायचे आणि उठून राहिलेल्या अक्षरावर शाई लावून कागदावर ठसा घ्यायचा, एवढाच तो उद्योग. भाषा शिकवण्यात आयुष्य गेलेल्या बाईला अक्षराची पाठची बाजू पाहण्याचे जे कुतूहल असते, त्यापलीकडे त्याला काही प्रयोजन नव्हते. दोन-अडीच वर्षे लहान पटाश्यांवर भागले. मग उजव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखू लागले. सांध्याची झीज आहे असे निदान झाले आणि चिमटीत धरून जोर लावण्याची कामे टाळा, असा सल्ला मिळाला. आता चिमटीत धरून जोर लावायचा नाही, तर कोरायचे तरी कसे?

तेव्हा हातात धरायच्या, विजेवर फिरणाऱ्या छोट्या यंत्राचा विचार मनात आला. त्याच्या तोंडाशी बारीक दातांचे टोक बसवायचे. जोर हाताने लावायचा नाही, वेगाने काम करायचे. या यंत्राला आपल्याकडे रूढ असे नाव नाही. अमेरिकेतील रेसीन या गावी अल्बर्ट ड्रेमेल यांनी १९३२ साली स्थापन केलेल्या कंपनीचे नाव या जातीच्या यंत्राला इतके चिकटले आहे, की अनेक जण कोणत्याही यंत्राला 'ड्रेमेल'च म्हणतात. मी घेतले ते दुसऱ्याच एका कंपनीचे. वजन अर्ध्या किलोहून थोडे अधिक, वेग मिनिटाला तीस हजारांवर फेरे. अर्धा किलो म्हणजे काय मोठे, असे दुकानात वाटले होते. घरी पंधरा मिनिटांत मनगट भरून आले आणि यंत्र बंद केल्यावरही बोटांत मुंग्या येत राहिल्या.

दोष यंत्राच्या ताकदीत नव्हता, ठेवणीत होता. मोटर हातातच असल्यामुळे धड जाड होते आणि ते मुठीत धरावे लागे. काम करणारे टोक मात्र बोटांच्या बरेच पुढे. आपण लेखणी तिच्या टोकाजवळ धरतो, म्हणून रेघ ताब्यात राहते. इथे जणू वरवंट्याला निब लावून लिहायचे होते. टोक निसटू नये म्हणून मूठ आवळायची, आणि मूठ जितकी आवळावी तितका कंप हातात अधिक शिरायचा. या कंपाचे दुखणे जुने आहे. इंडियाना राज्यातील बेडफर्ड येथे चुनखडीच्या दगडावर हवेच्या दाबाचे हातोडे चालवणाऱ्या कामगारांची बोटे थंडीत पांढरी पडून बधिर होतात, याचा अभ्यास ॲलिस हॅमिल्टन या डॉक्टरांनी १९१८ साली केला होता. त्यांच्या पोटाच्या प्रश्नाशी माझ्या हौसेची तुलना करणे अप्रशस्त ठरेल. पण हत्यार हाताकडून काय वसूल करते हे विचारायला मी तिथून शिकले.

पुढचा धडा एका सोनाराच्या दुकानात मिळाला. त्याच्याकडे मोटर डोक्याच्या वर आकड्याला टांगलेली होती. तिच्यातून एक लवचिक दांडा खाली आला होता आणि त्याच्या टोकाला बोटाएवढी मूठ होती. वेग पायाखालच्या पायट्याने कमी-जास्त होई. या रचनेला त्या धंद्यात 'हँगिंग मोटर' म्हणतात. त्याने ती माझ्या हातात दिली आणि दोन मिनिटे पाहून म्हणाला, "काकू, आवळू नका. धरायचं नाही, नुसतं टेकवायचं." मोटरचे ओझे आकड्यावर, वेगाची चिंता पायावर आणि बोटांकडे केवळ रेघ, अशी ती वाटणी पाहून मला हेवा वाटला. पण दांडा वळवताना तो किंचित ओढ घेतो, आणि माझ्या टेबलावर आकडा टांगायला जागा नव्हती.

शेवटी स्थिरावले ते मायक्रोमोटरवर. कृत्रिम दात घडवणारे तंत्रज्ञ आणि दागिने घडवणारे कारागीर ती वापरतात. नियंत्रक डबी टेबलावर राहते, बारीक वायर हातापर्यंत येते आणि छोटी मोटर जाड पेनासारख्या दांड्यात असते. तिची टोके दंतवैद्याच्या टोकांसारखीच, २.३५ मिलिमीटर दांडीची. दांड्यावर मऊ रबरी नळी चढवून मी तो आणखी जाड केला. कारण दुखऱ्या अंगठ्याला बारीक वस्तूपेक्षा जाडसर वस्तू धरणे सोपे जाते. टोक शक्य तितके आत बसवले की त्याची थरथरही कमी होते. तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा. अंगठा तासभर तक्रार करीत नाही.

इथे ही गोष्ट संपायला हवी होती. पण त्या यंत्राने कोरलेल्या पहिल्या 'श'चा ठसा घेतला तेव्हा अक्षर मऊ, फुगलेले दिसले. काना जिथे शिरोरेषेला मिळतो तिथला आतला कोपरा गोल झाला होता. गोल फिरणारे टोक तीक्ष्ण कोपरा काढूच शकत नाही. शिवाय त्याला लाकडाचे रेषे कळत नाहीत. पटाशी रेषांविरुद्ध गेली की अडते, आणि त्या अडण्यातून लाकूड काहीतरी सांगते. यंत्र न अडता पुढे जाते. मला निर्णयसागरची आठवण झाली. जावजी दादाजींनी १८६९ साली काढलेल्या या छापखान्यासाठी राणोजी रावजी आरू यांनी अक्षरे घडवली. पोलादाच्या टोकावर उलटे अक्षर हाताने कोरायचे, ते तांब्यात ठोकून साचा करायचा आणि त्यात खिळे ओतायचे, अशी ती रीत. त्या अक्षरांच्या आतल्या कोपऱ्यांकडे आयुष्यभर वाचत असूनही मी कधी पाहिले नव्हते.

आता मी काम वाटून दिले आहे. भोवतालचे आणि अक्षराच्या पोटातले लाकूड यंत्र काढते. रेघेपासून केसभर अलीकडे मी ते थांबवते. उरलेली कड आणि कोपरे लहान पटाशीने. त्याला अक्षरामागे दहा-बारा मिनिटे लागतात आणि तेवढ्यात अंगठा दुखतो. ते दुखणे टाळण्यासाठीच तर मी इतके हिंडले होते. पण सोयीचे यंत्र हवे होते ते सगळे श्रम वाचवण्यासाठी नव्हे, हे आता कळते. हाताजवळ थोडीच ताकद उरली आहे. ती कचरा काढण्यात खर्चू नये, एवढेच मागायचे होते. मूळाक्षरांपैकी अजून एकोणीस व्हायची आहेत. 'ळ' मी शेवटासाठी ठेवला आहे.