स्नेह

करमाळा तालुक्यातील केम हे कुंकवासाठी ओळखले जाणारे गाव. तेथे आमच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी कर्ज काढून जुना ट्रक घेतला. जुनी गाडी घेणे म्हणजे एका अनोळखी माणसाची सारी वहिवाट पदरात घेणे. कागदपत्रे तिच्याविषयी मौन पाळतात. तेल मात्र बोलते.

गाडी थोडी फिरवून, गिअरबॉक्स गरम असतानाच मिस्त्रींनी खालचा नट सोडला. तेल दुधाळ असते, तर आत पाणी शिरले असे समजायचे. ते नुसतेच काळे होते. नटाच्या चुंबकावर राखाडी लुकण साचले होते. ती दातांची नित्याची झीज. लोखंडाचा तुकडा एकही नव्हता. हप्ते फिटण्याची आशा तेवढ्यावर तगली. मग डिझेल आणि एअर फिल्टर बदलले. नवे गिअर ऑईल बाजूच्या छिद्रातून ओघळेपर्यंत भरले. जुने तेल ओढ्यात न सांडता डब्यात ठेवले.

संस्कृतात ‘स्नेह’ म्हणजे तेल आणि मायाही. वर्गात हा श्लेष आम्ही अनेकदा शिकवला आहे. एकमेकांत गुंतलेल्या दातांमध्ये एक पातळ थर लागतो, आणि तो वेळोवेळी बदलावाही लागतो, हे मात्र कोशात नाही.