वाळूला विरजण

कारवारला काळी नदी समुद्राला मिळते आणि तिथून किनारा चंद्रकोरीसारखा वळत जातो. 1956 पर्यंत हे गाव मुंबई राज्यात होते. आज ते कर्नाटकात आहे. 1883 साली तरुण रवींद्रनाथ ठाकूर इथे न्यायाधीश असलेल्या आपल्या वडीलबंधूंकडे, सत्येंद्रनाथांकडे, येऊन राहिले. त्यांच्या आठवणींत या किनाऱ्याबरोबर सुरूचे बनही आले आहे. पण ते बन काही सृष्टीच्या आरंभापासूनचे नव्हे! इथल्या वाळूत सुरूची लागवड झाली ती 1868 च्या सुमारास.

वाळूत झाड वाढवणे हा खेळ नाही. घागरभर पाणी ओतावे, तर ते घटकेत खाली उतरते आणि जाताना खताचा कसही घेऊन जाते. म्हणून तर कोकणात माड लावताना खड्ड्याच्या तळाशी नारळाची सोडणे घालतात. ओल धरून ठेवायला ती बरी.

सुरूची तऱ्हा निराळी. त्याच्या मुळांवर बारीक गाठी असतात. त्यांत फ्रँकिया नावाचे सूक्ष्म जीव राहतात आणि हवेतला नायट्रोजन झाडाला पचेल अशा रूपात पुरवतात. मात्र नव्या वाळूत हे जीव असतीलच असे नाही. मग रोपे करताना जुन्या सुरूखालची थोडी माती त्यांत मिसळतात. आपल्या गृहिणी दुधाला विरजण लावतात, तसेच हे!

पुढचे काम झाड स्वतःच करते. त्याच्या सुईसारख्या काड्या खाली गळतात, सावकाश कुजतात आणि वाळूत थोडी थोडी माती होऊ लागते. पण याच काड्या चुलीलाही चांगल्या. त्या झाडून नेल्या की घरात भात शिजतो आणि वाळू उपाशी राहते. गरिबाच्या चुलीला दोष कसा द्यावा? तरी निम्म्या काड्या झाडाखाली राहिल्या, तर वाऱ्याच्या आडोशाला पुढे उंडी आणि करंजही लावता येतील. नुसत्या सुरूच्या रांगा म्हणजे काही रान नव्हे.

दिवाळीच्या सुटीत मुलाबाळांसह एखाद्या किनाऱ्यावर सुरूखाली बसलात, तर त्या काड्या जरा बाजूला सारून पाहा. खालची वाळू काळसर आणि ओलसर लागली, तर तिथे कृपा करून चहासाठी चूल मांडू नका!