उजेड पाहिजे, ऊन नको

बिदरहून औरादकडे निघालं की शहराचं लाल जांभ्याचं पठार मागे पडतं, आणि मांजरा ओलांडली की दोन्ही बाजूंना काळी रानं लागतात. औरादच्या अलीकडे संतपूर. पाट्या कन्नडमध्ये; बाजारातलं बोलणं मराठी, कन्नड आणि दख्खनी यांच्या मिसळीत. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याची वाटणी झाली. जुन्या बिदर जिल्ह्यातलं उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेलं. औराद, भालकी म्हैसूर राज्यात आलं. सोयरिकी मात्र कुणी वाटून घेतल्या नाहीत. म्हणून आपल्यापैकी कित्येकांचं आजोळ किंवा आत्याचं घर आजही या पट्ट्यात सापडतं.

त्या घरांची छपरं बघण्यासारखी असतात. जुनं घर माळवदाचं: लाकडी तुळया, त्यावर फळ्या-काटक्या आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. जाड भिंतींना खिडक्या मोजक्याच. उजेड यायचा तो छतातल्या साण्यातून. साणं म्हणजे माळवदाला ठेवलेलं भोक. चुलीचा धूर त्यातून बाहेर, उजेडाचा कवडसा त्यातून आत. पाऊस आला की वर पत्रा किंवा फरशीचा तुकडा सरकवायचा. झाकण बाहेरून, हे लक्षात ठेवा. पुढे कामाला येईल.

आता माळवदं उतरवून पत्रे चढताहेत. माती दरवर्षी कोण घालणार? उतरत्या पत्र्यांमध्ये उजेडासाठी एखादा पारदर्शक फायबरचा पत्रा बसवतात. हीच आपल्याकडची तिरकी खिडकी. सकाळी ती छान वाटते, पण मे महिन्यात दुपारी त्या खोलीत बसवत नाही.

माझी आत्या संतपूरला एकटी राहते. वय ७८. दरवर्षी एप्रिल लागला की आम्ही भाचे मंडळी तिला पुण्याला किंवा हैदराबादला न्यायच्या गोष्टी करतो आणि ती हलत नाही. तिची दुपार त्या पत्र्याच्या खोलीत जाते. निवडणं-टिपणं, पोथी, शेजारणी, सगळं तिथेच. खोली तापली तर तिचं घर अर्धं होतं आणि आमचा 'चल आमच्याकडे'चा आग्रह दुप्पट. खालून जाड काळा पडदा लावू या, असं मी म्हटल्यावर ती म्हणाली, "अंधार कशाला करायलास रे? उजेड पाहिजे, ऊन नको." एवढी स्पष्ट रिक्वायरमेंट मला नोकरीतही क्वचितच मिळते.

हे अवघड का, ते समजून घेऊ. संतपूर साधारण १८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या शेवटी सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो. तेव्हा भिंतीतल्या खिडकीवर छज्जाची सावली असते, पण छतातल्या खिडकीला सावली देणार कोण? डिसेंबरात तोच सूर्य दुपारी ४८ अंशांपर्यंतच चढतो, म्हणून ती खोली थंडीत हवीहवीशी वाटते. झाकण काढता-घालता येणारं हवं ते यासाठी.

दुसरी गोष्ट, ऊन आत येऊन पडद्यावर पडलं की पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. तेच ऊन बाहेर अडवलं तर उष्णता बाहेरच वाऱ्यावर जाते. साण्यावर फरशी सरकवणाऱ्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं.

म्हणून आत्याकडे फायबरच्या पत्र्यावर रोपवाटिकेत वापरतात ती हिरवी शेडनेट बांधली, ७५ टक्के सावलीची. पत्र्याला चिकटवून नाही, तर लोखंडी चौकटीवर वीतभर उंच, म्हणजे मधून हवा खेळते. पावसाळा सुरू होताना ती सोडून गुंडाळून ठेवायची. आतून पांढरं सुती कापड, वर आणि खाली अशा दोन तारांवर कड्यांनी ओवलेलं. तिरक्या खिडकीचं हेच गुपित: पडदा फक्त वरून टांगला तर तो सरळ खाली लोंबतो आणि खिडकी उघडीच राहते. त्याला दोन्ही टोकांना धरावं लागतं.

तुमच्यापैकी ज्यांच्या रो-हाऊसला किंवा परदेशातल्या घराला पोटमाळ्याची खोली आहे, त्यांनाही नियम तेच. उंची जमिनीपासून नाही, उतारावरून मोजा. रुंदी वर, मध्ये आणि खाली घ्या आणि चौकटीच्या आत बसवायचं असेल तर सर्वांत लहान माप द्या. रोलर पडदा नळीवर गुंडाळतो, त्यामुळे त्याला काटकोनी खिडकीच लागते आणि उतारावर बाजूच्या पट्ट्यांत सरकणारा घ्यावा लागतो. त्रिकोणी किंवा एका बाजूला उतरत्या खिडकीला चुण्यांचा किंवा मधाच्या पोळ्यासारखा घड्यांचा पडदा मापाने शिवून मिळतो. नाहीतर त्रिकोण कायमचा झाका आणि खालचा चौकोन उघडता ठेवा. बाळाच्या खोलीत पूर्ण अंधार करणारं कापड ठीक, बैठकीत गाळून उजेड देणारं बरं. आणि घरात लहान मूल असेल तर लोंबती दोरी नको. गळ्याला फास बसू शकतो.

१९४० च्या दशकात डेन्मार्कमध्ये व्हिलुम कान रासमुसेन यांनी छतात बसणारी खिडकी बाजारात आणली आणि तिला 'व्हेलक्स' नाव दिलं. 'व्हे' व्हेंटिलेशनचा, म्हणजे हवेचा. 'लक्स' म्हणजे लॅटिनमध्ये उजेड. हवा आणि उजेड, आपल्या साण्याचंही काम हेच.

या मेमध्ये आत्याची दुपारची बैठक पुन्हा त्याच खोलीत भरली. पंखा लागतोच, उकडतंही. पण डाळ निवडायला दिवा लावावा लागत नाही, आणि पुण्याला यायचं तर ती आता पावसाळ्यात येते म्हणते, पाहुणी म्हणून.