दोन सेंटिमीटर

शस्त्रक्रियेनंतरचा अहवाल हाती येताच तुमची नजर प्रथम गाठीच्या आकाराकडे जाते. माझीही गेली होती. पाळी जाऊन बारा वर्षांनी रक्तस्राव झालेल्या एका आजींना मी पुढचे न वाचताच म्हणालो, "दोन सेंटिमीटरांहून लहान आहे, निश्चिंत राहा." गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगात एवढी गाठ लसिकाग्रंथींपर्यंत क्वचितच पोहोचते, हे खरे, पण पेशींची श्रेणी १ किंवा २ असेल आणि गाठ स्नायूच्या निम्म्या जाडीपलीकडे शिरलेली नसेल, तरच. रोगाचा टप्पा ठरवताना तर आकार धरलाच जात नाही. आजींची गाठ निम्म्यापलीकडे गेली होती. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन मी शब्द मागे घेतले. त्यांनी शांतपणे विचारले, "म्हणजे रेडिएशन घ्यावे लागेल का?"